‘मानसोपचार वगळून’: एका मेडिक्लेमचं प्रकरण

जून २०२०मध्ये एका महिलेला स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर या आजारासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं. या आजारात भास आणि भ्रम असतात, आणि त्यांच्या जोडीला मनःस्थितीचे टोकाचे चढउतार. उपचार जुलैपर्यंत चालले. खर्च झाला सुमारे ५ लाख ५४ हजार रुपये. तिच्याकडे नॅशनल इन्शुरन्स या सरकारी कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी होती आणि तिची विमा रक्कम होती ३ लाख ९५ हजार. कंपनीने क्लेम फेटाळला. कारण एका ओळीचं होतं: मानसिक आजार या पॉलिसीतून वगळलेले आहेत.

प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा एम. सिंग यांनी निकाल दिला, की पॉलिसीच्या मर्यादेपर्यंतचे ३ लाख ९५ हजार रुपये कंपनीने द्यावेत आणि शिवाय दाव्याच्या खर्चापोटी २५ हजार. त्या महिलेचं नाव निकालपत्रात आहे. इथे ते लिहिण्याची गरज नाही.

रकमेच्या दृष्टीने हे प्रकरण किरकोळ वाटेल. उच्च न्यायालयांत कोट्यवधींचे विमा दावे चालतात. तरीही मला ते तपशिलात मांडावंसं वाटतं. मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्या माणसाला विम्याचे पैसे मिळताना नेमकं कुठे अडतं, हे या एका प्रकरणात जवळजवळ संपूर्ण दिसतं. क्लेम फेटाळला त्या दिवशी कायदा अस्तित्वात होता. नियामकाचं परिपत्रक निघून सुमारे दोन वर्षं झाली होती. कंपनी सरकारच्या मालकीची होती. तिन्ही गोष्टी आजारी माणसाच्या बाजूच्या, आणि तरीही न्याय मिळवायला रिट याचिका करावी लागली.

कायदा कुठून आला

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. २८ जण मेले. तेव्हा आपल्याकडे १९८७चा मानसिक आरोग्य कायदा होता. त्याचा बराचसा भर कोणाला दाखल करायचं, कसं करायचं आणि कोणत्या संस्थेला परवाना द्यायचा यावर होता. उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, ही भूमिका त्यात फारशी नव्हती.

२००७मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं आणि जुना कायदा बदलणं भाग पडलं. नव्या मसुद्याच्या कामात पुण्याचा मोठा वाटा आहे. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांचे सहकारी या मसुद्याशी निगडित होते. विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत आलं, लोकसभेत ते मंजूर व्हायला मार्च २०१७ उजाडला, ७ एप्रिल २०१७ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २९ मे २०१८पासून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागू झाला.

या कायद्याचं २१वं कलम शारीरिक आणि मानसिक आजारांना सर्व आरोग्यसेवांमध्ये समान वागणूक देण्याबद्दल आहे. रुग्णवाहिका असो की वॉर्डातली राहण्याची सोय, मनोरुग्णाला कमी दर्जाचं काही देता येणार नाही. त्याच कलमाचं चौथं उपकलम विम्याचं आहे. ते एकाच वाक्याचं आहे आणि त्याचा आशय असा, की शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तो उपलब्ध करून द्यायचा. कुठे ‘शक्य असल्यास’ नाही, ‘टप्प्याटप्प्याने’ नाही.

दोन तारखांमध्ये सापडलेली रुग्ण

आता तारखा नीट पाहायला हव्यात, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावर फिरतं.

कायदा लागू झाला २९ मे २०१८ला. १६ ऑगस्ट २०१८ रोजी विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सर्व कंपन्यांना परिपत्रक पाठवून या उपकलमाचं तात्काळ पालन करायला सांगितलं. पुढे २७ सप्टेंबर २०१९ रोजी प्राधिकरणाने आरोग्य विम्यातले अपवाद प्रमाणित करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कोणत्या गोष्टी पॉलिसीतून वगळताच येणार नाहीत याची यादी त्यात दिली आणि त्या यादीत मानसिक आजारांचे उपचार होते. पण ही तत्त्वं नव्या पॉलिसींना १ ऑक्टोबर २०१९पासून लागू झाली आणि बाजारात आधीपासून असलेल्या पॉलिसी बदलून घ्यायला कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२०पर्यंत मुदत मिळाली.

ही महिला दाखल झाली जून २०२०मध्ये. कायद्याची तारीख उलटून दोन वर्षं झालेली आणि नियामकाची मुदत संपायला साडेतीन महिने बाकी. जुन्या पॉलिसीत मानसोपचार वगळणारं कलम तसंच छापलेलं होतं आणि कंपनीने त्यावर बोट ठेवलं.

क्लेम तपासणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जागी बसून पाहिलं, तर हे कसं घडतं ते कळतं. त्याच्यासमोर पॉलिसीची शब्दरचना असते, अपवादांची यादी असते आणि डिस्चार्ज कार्डवर निदान असतं. निदान यादीत बसलं की क्लेम नाकारायचा. संसदेने काय मंजूर केलं हे त्याच्या संगणकावर दिसत नाही. ते तिथे दिसण्याची व्यवस्था कंपनीच्या वरिष्ठांनी करायची असते. ती करायला दोन वर्षं मिळाली होती. एका सरकारी कंपनीला संसदेच्या कायद्याची अंमलबजावणी करायला दोन वर्षं पुरली नाहीत, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

न्यायालयाने हा गुंता एका सरळ सूत्राने सोडवला. कायदा ज्या दिवशी लागू झाला त्या दिवसापासून तो विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. नियामकाने पॉलिसी बदलायला उशिराची मुदत दिली म्हणून कायद्याने दिलेला हक्क पुढे ढकलला जात नाही आणि कायद्याशी विसंगत कलम करारात आहे म्हणून ते टिकत नाही. प्राधिकरणालाही न्यायालयाने सुनावलं. कंपन्या कायदा पाळतात की नाही यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम आहे, ते त्याने केलंच पाहिजे.

या सूत्राचा फायदा या एका महिलेपुरता उरत नाही. २९ मे २०१८नंतर दाखल झालेल्या आणि ‘पॉलिसीत नाही’ असं उत्तर मिळालेल्या प्रत्येक रुग्णाला हा निकाल दाखवता येतो. पण किती जणांना तो माहीत होता? जुनी उत्तरं तपासून फेटाळलेले क्लेम परत उघडा, असा आदेश त्यात नव्हता. ज्याने दार ठोठावलं त्यालाच मिळालं. आणि मनोरुग्णाच्या घरात कोर्टाचं दार ठोठावण्याची ताकद कितीशी उरलेली असते, हे त्या घरांना चांगलं ठाऊक आहे.

हिशेबही पाहावा. खर्च ५ लाख ५४ हजार, मिळाले ३ लाख ९५ हजार. खटला जिंकूनही सुमारे १ लाख ५९ हजार रुपये घरचेच गेले. त्यातले २५ हजार खर्चापोटी भरून आले असं धरलं, तरी वकील आणि दहा महिन्यांची धावपळ उरतेच. न्यायालयाने मात्र पॉलिसीच्या मर्यादेत जितकं देता येत होतं तितकं सगळं दिलं.

अपवाद गेला, अडथळे राहिले

१८ ऑक्टोबर २०२२ रोजी प्राधिकरणाने पुन्हा परिपत्रक काढून सर्व पॉलिसींमध्ये मानसिक आजारांचा समावेश ३१ ऑक्टोबरपर्यंत झालाच पाहिजे असं बजावलं. कायदा लागू होऊन साडेचार वर्षं होत आली तरी असं बजावावं लागलं. आज नव्या पॉलिसीत ‘मानसोपचार वगळून’ ही ओळ सापडणार नाही. तरीही क्लेम अडतात, फक्त वेगळ्या कलमांवर.

एक मार्ग रकमेच्या मर्यादेचा. याच काळात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आणखी एक प्रकरण आलं होतं. पॉलिसी ३५ लाखांची, पण मानसिक आजारांच्या काही निदानांसाठी मर्यादा ५० हजारांची. समावेश झाला म्हणायचा आणि दाराची फट तेवढीच ठेवायची. हृदयविकाराला ३५ लाख आणि तीव्र नैराश्याला ५० हजार, हे कायद्यातल्या ‘त्याच आधारावर’शी कसं जुळतं ते मला समजत नाही.

दुसरा मार्ग अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते खरी लढाई तिथे आहे. दाखल होण्याची गरज होती का, हा तो प्रश्न. प्रमाणित अपवादांपैकी चौथा म्हणतो, की केवळ तपासणी आणि निरीक्षणासाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही. पाचवा विश्रांती, पुनर्वसन आणि सांभाळ यांच्याबद्दल आहे. शस्त्रक्रियेच्या रुग्णाला या दोन्हींचा सहसा त्रास होत नाही. मनोरुग्णाचा केस पेपर मात्र बाहेरच्या माणसाला नेमका असाच दिसतो: गोळ्या तोंडाने दिल्या, निरीक्षणाखाली ठेवलं, झोप सुधारली, घरी सोडलं. सलाइन नाही, ऑपरेशन नाही. मग टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून, पत्र येतं, की हे उपचार ओपीडीतही करता आले असते.

करता आले असते का? आत्महत्येचा निश्चय केलेल्या माणसावर रात्रंदिवस नजर ठेवणं हाच त्या आठवड्यातला मुख्य उपचार असतो. त्याच्या खोलीत काय ठेवायचं आणि काय नाही, कोणी सोबत बसायचं, गोळी खरंच गिळली का, हे सगळं प्रशिक्षित परिचारिका पाहतात. कॅटाटोनियात गेलेला रुग्ण खात-पीत नाही, हलत नाही. त्याला घरी ठेवणं धोक्याचं असतं. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम सुरू केल्यावर रक्तातली पातळी तपासावी लागते, कारण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. विजेचे उपचार द्यायचे तर २०१७च्या कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ते देताच येत नाहीत.

इथे एक गोष्ट कुटुंबं आणि डॉक्टर दोघांच्याही लक्षात यावी असं मला मनापासून वाटतं. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दाखल करण्याचे निकष लिहिलेले आहेत. रुग्ण स्वतःहून दाखल होत असेल तर ८६व्या कलमाखाली संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, की आजार दाखल करून घेण्याइतका तीव्र आहे. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर ८९वं कलम लागतं. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासून सांगावं लागतं, की रुग्णाच्या जिवाला धोका आहे, इतरांना आहे, किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. असा प्रवेश ३० दिवसांपर्यंतचा असतो. म्हणजे कायद्याप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाच्या फायलीत ‘दाखल का केलं’ याचं उत्तर आधीच असतं. अपेंडिक्ससाठीही दोन डॉक्टरांचं असं स्वतंत्र मत कोणी मागत नाही. तरी गरज सिद्ध करा असं पत्र येतं ते मनोरुग्णाला.

त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर ‘निरीक्षणासाठी दाखल’ एवढंच लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे. कोणत्या कलमाखाली दाखल केलं, धोका कोणता होता, कोणत्या तपासण्या आणि कोणती मात्रावाढ घरी शक्य नव्हती, हे चार ओळीत लिहा. पुढे त्याच चार ओळींवर एखाद्या घराचे दीड-दोन लाख वाचतात. आणि आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क २५व्या कलमाने रुग्णाला दिलेला आहे. टीपीएला किती कागद द्यायचे हे मात्र विचारपूर्वक ठरवावं. समुपदेशनाच्या खासगी नोंदी क्लेमसाठी लागत नाहीत आणि २३वं कलम त्या गुप्ततेचं रक्षण करतं.

फेटाळलेल्या क्लेमविरुद्ध थेट कोर्टातच जावं लागतं असंही नाही. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करायची. तिच्याकडून नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एका वर्षाची. तक्रारीत २१व्या कलमाचं चौथं उपकलम आणि १९ एप्रिल २०२१चा निकाल स्पष्ट नमूद करावा.

ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही

आतापर्यंतची सगळी चर्चा प्रीमियम भरू शकणाऱ्यांची झाली. गरीब कुटुंबांसाठी २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीतून प्रधानमंत्री जनआरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, आणि पॅकेजेसमध्ये मानसिक आजारही. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी जोडली गेली आणि २०२३मध्ये राज्याने आपल्या योजनेची मर्यादाही दीड लाखावरून ५ लाख केली. कागदावर हे मोठं पाऊल आहे.

पण प्रधानमंत्री योजना दाखल झालेल्यांसाठी आहे, आणि डिस्चार्जनंतरची औषधं ती १५ दिवसांपुरती देते. मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो, पण ते जुळतं. स्किझोफ्रेनियाची गोळी अनेकांना वर्षानुवर्षं, काहींना आयुष्यभर घ्यावी लागते. सोळाव्या दिवशी ती गोळी कोण देणार? जिल्हा रुग्णालयात मिळाली तर ठीक. तिथे साठा नसेल आणि बाहेरून घेणं परवडत नसेल तर गोळी सुटते, आजार उसळतो आणि माणूस परत दाखल होतो. परत दाखल झाला की योजना पैसे देते. महागडी खाट मोफत आणि स्वस्त गोळी विकत, अशी ही रचना आहे. राज्यातल्या ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचा आधार म्हणूनच अजून इतका मोलाचा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, शिधापत्रिका हातात असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क १८व्या कलमाने दिला आहे.

सरकारी विम्याने मनोरुग्णाला वेगळं काढणं ही काही आपल्यापुरती गोष्ट नाही. अमेरिकेत १९६५मध्ये मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा सुरू झाला तेव्हापासून मोठ्या मनोरुग्णालयांत दाखल प्रौढांचा खर्च केंद्र सरकार उचलत नाही, असा नियम आहे. १९८८पासून ‘मोठं’ म्हणजे १६पेक्षा जास्त खाटांचं. पुढे सवलती आल्या, पण मूळ नियम टिकून आहे. ज्येष्ठांच्या मेडिकेअरमध्ये स्वतंत्र मनोरुग्णालयातल्या वास्तव्याला आयुष्यभरात १९० दिवसांची मर्यादा आहे. तिकडे ज्यांचे आई-वडील स्थायिक झाले आहेत, त्यांनी ही मर्यादा माहीत करून घ्यावी.

फॉर्मवरचा रकाना आणि बारावा अपवाद

प्रस्तावाच्या फॉर्मवर पूर्वीच्या आजारांचा रकाना असतो. मधुमेह लोक लिहितात, मानसिक आजार लपवतात. लाजेने लपवतात, आणि पॉलिसी नाकारली जाईल या भीतीने लपवतात. नंतर दाखल व्हायची वेळ आली की जुनं प्रिस्क्रिप्शन सापडतं आणि माहिती दडवली म्हणून क्लेम जातो. या नकारापुढे २१वं कलमही उपयोगी पडत नाही. १ एप्रिल २०२४पासूनच्या नियमांनी आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देता येत नाही. तीन वर्षं थांबावं लागलं तरी खरं लिहिणं कुटुंबाच्या हिताचं आहे.

आणि एक गाठ अजून सुटलेली नाही. प्रमाणित अपवादांमधला बारावा अपवाद दारू, अमली पदार्थ आणि कोणत्याही व्यसनावरचे उपचार व त्यांचे परिणाम वगळतो. उलट २०१७च्या कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे त्यात धरल्या आहेत. दारू अचानक थांबल्यावर डिलिरियम ट्रेमेन्समध्ये, म्हणजे थरथर, भास आणि बेभान अवस्थेत, गेलेला रुग्ण दाखल झाला नाही तर मरू शकतो. कायद्याच्या व्याख्येत तो बसतो, पॉलिसीच्या अपवादात तो वगळला जातो. संसदेचा कायदा एक सांगतो आणि नियामकाचा मजकूर दुसरं, तेव्हा काय टिकतं हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१मध्ये दाखवून दिलं आहे. बाराव्या अपवादालाही तीच कसोटी लागायला हवी. त्यासाठी पुन्हा एखाद्या रुग्णाला याचिका करायला लावू नये. प्राधिकरणाने स्वतःहून तो दुरुस्त करावा.